आमच्या बेडरूममधलं चॅनल

जुनी माणसं बाजारात भेटली की अजून म्हणतात, "तुमचं ते चॅनल! काय दिवस होते, नाही?" मी हसल्यासारखं करते आणि कोथिंबिरीचा भाव विचारते. ज्यांनी ते चॅनल आपापल्या घरात बसून पाहिलं, त्यांना ते गोड आठवत असेल. मी त्याच्या आत राहत होते. मला आधी वास आठवतो. स्पिरिटचा, तापलेल्या वायरींचा, गुटख्याचा आणि सासूबाईंच्या खाटेचा.

मनवेलपाड्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. हॉल, किचन आणि एक बेडरूम. लालबागच्या चाळीतली खोली विकून आम्ही विरारला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या आणि दीर, नणंदा, गावाहून येणारे-जाणारे अशा भरलेल्या एका खोलीत त्यांनी सगळा जन्म काढला. नवी जागा दाखवायला आणलं तेव्हा त्यांनी टाइल्स पाहिल्या नाहीत की बाल्कनी पाहिली नाही. बेडरूमच्या दारापाशी थांबल्या, आत गेल्या, दार लावलं, उघडलं, परत लावलं.

"ह्या दार भितरसून लागता?" त्यांनी मला विचारलं.

"हो आई. कडी आहे ना."

"मग ही खोली माका."

मी हो म्हटलं. आम्हा नवराबायकोला हॉल पुरेसा होता. मूलबाळ आम्हाला नव्हतं. सासूबाई दुपारी आत जात, कडी लावत आणि तासभर पडून राहत. आत काय करतात म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाय. नुसती पडतंय. कोण बघीत नाय." हे सुख त्यांना पहिला पावसाळा येईपर्यंत मिळालं.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका केबलवाल्याचा गाळा होता. माणूस इथलाच, जवळच्या गावातला, भातशेतीवर बिल्डर येऊन बसल्यावर धंद्यात पडलेला. त्याच्या डिशच्या छत्र्या आमच्या डोक्यावर, गच्चीत. मशीन खाली गाळ्यात. जोराच्या पावसात गाळ्यात गुडघाभर पाणी शिरलं आणि तो धावत वर आला.

"वहिनी, खाली पानी भरलाय. मशीन वरती ठेवतो, पावसापुरती. तुम्हाला कनेक्शन फुकट."

माझे यजमान तेव्हा नोकरीतून मोकळे झाले होते. कंपनी बंद पडली होती आणि घरात बसून ते खिडकीतून लोकांच्या छत्र्यांचे रंग सांगत होते. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "आण, आण, आत ठेव." आत म्हणजे सासूबाईंच्या खोलीत. गच्चीतून वायर खिडकीत उतरवायला तीच खोली सोयीची होती. पावसापुरती आलेली ती मशीनं पाऊस संपल्यावर गेली नाहीत. दुसरा पावसाळा आला, तोवर त्यांना भावंडं झाली होती.

चॅनल कसं सुरू झालं ते आमचे हे सांगायचे तेव्हा त्यात त्यांची दूरदृष्टी असायची. खरी गोष्ट अशी की केबलवाला रात्री एक हिंदी पिक्चर लावायचा आणि तो संपला की पडद्यावर नुसती खरखर. एका गणपतीत ह्यांनी कोणाचा तरी कॅमेरा आणून विसर्जनाची मिरवणूक शूट केली आणि त्या खरखरीच्या जागी लावली. दुसऱ्या दिवशी जिन्यात रांग. आमची बिल्डिंग दिसली का, आमचा मुलगा नाचताना दिसला का, परत लावा. झालं. ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी रांग लावून काहीतरी मागत होतं.

पहिली दोनेक वर्षं त्यात चांगुलपणा होता, हे मी नाकारत नाही. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे बातम्या लिहिणं आणि वाचणं माझ्याकडे आलं. उद्या पाणी कुठल्या गल्लीला किती वाजता सुटणार, रेशनवर काय आलंय, कुठला रस्ता खणलाय. लोक खरोखर वही घेऊन बसत, कारण विरारमध्ये पाण्याची वेळ कळणं म्हणजे लॉटरी लागणं. मला रस्त्यात बायका थांबवून म्हणायच्या, "बाई, तुमच्यामुळे दोन हंडे जास्त मिळाले." मला ते आवडायचं. तेव्हाही सासूबाई हॉलमध्ये चटईवर झोपत होत्या. पण तेव्हा त्या चालत-फिरत होत्या. देवळात जात, शेजारी बसत. ह्यांनी शब्द दिला होता की दिवाळीला मशीनं गाळ्यात हलवतो.

दिवाळी दरवर्षी येते.

मग त्या चॅनलला लोकांची चटक लागली आणि लोकांना त्याची. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक पाण्याची वेळ आधी कळवायचे. हळूहळू ते म्हणू लागले, वेळ कळवतो, पण ती मीच कॅमेऱ्यासमोर सांगतो. मग वेळ सांगण्याआधी ते पाणी आपण कसं आणलं हे सांगू लागले. शेवटी वेळ सांगायची राहूनच गेली, नुसतं आणलं कसं तेवढं उरलं. मी बातम्या वाचणं बंद केलं. माझ्या जागी वाढदिवस आले. पहिला वाढदिवस, पन्नासावा वाढदिवस, नगरसेवकांच्या कुत्र्याचा वाढदिवस. खोटं वाटेल, पण त्या कुत्र्याला माझ्या डोळ्यांदेखत केक भरवला आणि "हार्दिक शुभेच्छा" म्हणून खाली पट्टी फिरवली.

आणि चिंचोटी. पावसाळ्यात धबधब्यावर मुंबईची पोरं यायची, दारू प्यायची आणि दरवर्षी कोणीतरी बुडायचं. आमचे हे आणि केबलवाला मोटारसायकलवर कॅमेरा घेऊन धावत सुटायचे. पाण्यातून काढलेलं पोर, फुगलेलं, आणि त्याच्या शेजारी खाली बसलेला बाप. हे सगळं आमच्या हॉलमध्ये, आमच्या टीव्हीवर, माझ्या हातात पोळीचा घास असताना. "एव्हरशाईन सिटीतून फोन आला, अगं! वसईपर्यंत बघतायत," हे म्हणाले. मी ताट सरकवलं आणि मोरीत जाऊन ओकले.

"चॅनल हेच आमचं मूल," असं ते पाहुण्यांना सांगायचे. ते वाक्य ऐकलं की मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

सासूबाई पडल्या त्या ह्याच काळात, मोरीत पाय घसरून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. दवाखान्यातून आणलं तेव्हा मी म्हटलं, "आता मशीन बाहेर काढा. आईंना खोली द्या."

"काढतो ना," हे म्हणाले. "गाळ्याला ओल आहे. मशीनला ओल चालत नाही."

"आणि आईंना?"

"अगं, थोडे दिवस. हॉलमध्ये वारा तरी येतो."

वाऱ्याचं सांगते. मशीनं तापतात म्हणून बेडरूमला एसी बसवला होता. उन्हाळ्यात दार नीट बंद ठेवायचं, गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा नियम. आत डबे गार पडलेले आणि बाहेर पत्र्याखालच्यासारख्या तापलेल्या हॉलमध्ये माणूस घामानं चिंब. कधीकधी मी ते दार मुद्दाम उघडं टाकायचे. सासूबाईच मुलाला घाबरून म्हणायच्या, "दार लाव गो. झील वरडात."

खाट हॉल आणि किचनच्या मधल्या कोपऱ्यात बसली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. तिच्याखाली कॅसेटी. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरायची, मग त्या उघडून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायच्या आणि सुकायला ठेवायच्या. कुठे? तर सासूबाईंच्या पायाशी, त्यांच्या अंथरुणावर. त्या पाय आखडून घ्यायच्या. खाटेभोवती आडोसा म्हणून मी एक दोरी बांधली आणि माझी निळी डबल बेडची चादर टाकली. लग्नात आलेली. डबल बेड कधी आलाच नाही, त्यामुळे चादर कोरी होती.

ती चादर ह्यांना आवडली. मागे निळा रंग असला की माणूस खुलून दिसतो म्हणाले. तेव्हापासून मुलाखती तिच्यापुढे व्हायला लागल्या. नगरसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, भजनी मंडळ, नाताळच्या आधी गावातले फादर, सगळे त्या निळ्या चादरीपुढे खुर्चीत बसून बोलून गेले. वसई-विरारमध्ये हजारो लोकांनी ती चादर पाहिली असेल. तिच्यामागे हातभर अंतरावर एक म्हातारी बाई पडलेली आहे, हे आमच्या जिन्यातल्या चार घरांपलीकडे कोणाला माहीत नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला की घरात हलायचं नाही. पंखा बंद, कुकर बंद, संडासात पाणी ओतणं बंद. खाटेपासून मोरीकडे जायचं तर कॅमेऱ्यासमोरूनच वाट होती. म्हणजे खाटेवर लघवीचं भांडं लावलं तरी ते घेऊन जायचं कुठून? सासूबाईंनी यावर स्वतःच उपाय काढला. कार्यक्रमाच्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नसत. मला हे कळायला फार दिवस लागले. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांना बोलावलं तर ते म्हणाले, "आजी, पाणी भरपूर प्या." सासूबाई हसल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होते का ते बघत होते.

"आई, तुम्ही ओरडत का नाही?" मी विचारलं.

"भायर माणसा बसलेली. माका लाज वाटता."

मग एकदाच, त्या दिवशी कोणी नव्हतं तेव्हा, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "माका काय्येक नको. एक दार तेवढा होया." मी म्हटलं, देते. ह्यांच्याशी भांडले, अबोला धरला, माहेरी जाऊन बसले आणि सासूबाईंचं कोण करणार म्हणून तिसऱ्या दिवशी परत आले. प्रत्येक वेळी उत्तर एकच. गाळा बघतोय, चांगला गाळा मिळत नाही.

नगरसेवकांची 'थेट भेट' हा चॅनलचा मानाचा कार्यक्रम. लोक फोन करणार, साहेब उत्तर देणार, सगळं लाइव्ह. विषय अर्थातच पाणी. निवडणूक जवळ आली होती. त्या दिवशी साहेब संध्याकाळी येणार होते, ते उशिरा आले. यायला उशीर झाला म्हणून सासूबाईंनी औषधाबरोबर पेज घेतली होती. येतच नाहीत असं त्यांना वाटलं असावं. मी भांडं लावणार तेवढ्यात जिन्यात बुटांचे आवाज आले. साहेब, त्यांची चार माणसं आणि हार. पंखा बंद झाला.

मी चादरीमागे खाटेच्या कडेला बसले होते. पलीकडे साहेब बोलत होते. सूर्या धरणाचं पाणी, पाइपलाइन, आपला पाठपुरावा. त्यांच्या अंगावरच्या अत्तराचा वास चादरीतून येत होता. अर्धा तास म्हणून ठरलेलं, पण साहेबांना थांबवणार कोण? सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"गेले काय गो ते?" अगदी हळू.

"नाही आई. आता जातील."

"कधी जातले? माका जाऊचा आसा."

मी चादरीच्या कडेतून डोकं काढून ह्यांना खूण केली. हे कॅमेऱ्यामागे होते. त्यांनी पंजा दाखवला. पाच मिनिटं. केबलवाला फोन घेऊन बसला होता, तोंड गुटख्यानं भरलेलं. त्यानंही मला हातानं खाली बस म्हणून खुणावलं. मी बसले. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले होते. कपाळावर घाम. पलीकडे साहेब कोणा भगिनीला सांगत होते की प्रत्येक घरात नळ ही माझी जबाबदारी.

मी उठून चादर फाडून टाकायला हवी होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी उठले होते. सासूबाईंनीच मला ओढून खाली बसवलं. त्यांना त्या माणसांनी बघायला नको होतं. तेवढीच तर त्यांची मागणी होती.

मग त्यांचा हात सैल पडला. खाटेखालच्या कॅसेटींच्या डब्यांवर टपटप आवाज यायला लागला. आधी त्या कण्हल्या आणि मग रडल्या. तोंडावर पदर दाबून, पण रडल्या. मायक्रोफोननं ते उचललं.

साहेब बोलायचे थांबले. राजकारणातली माणसं मूर्ख नसतात. त्यांना क्षणात कळलं की इथे काहीतरी हाती लागण्यासारखं आहे. आवाज भिजवून ते म्हणाले, "आजी आहेत का आत? आजारी आहेत? मग आजींचा आशीर्वाद घेतल्याशिवाय मी कसा जाऊ?" आणि उठून त्यांनी माझी निळी चादर बाजूला सारली.

माझ्या नवऱ्यानं कॅमेरा वळवला. मी पाहिलं. वळवला आणि नीट फोकस केला.

सासूबाईंचं रडलेलं तोंड, विस्कटलेले केस, पोटापर्यंत ओलं झालेलं लुगडं. त्यांनी अंगावरची चादर ओढून तोंडावर घेतली. साहेब वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. अंथरूण ओलं होतं. त्यांचा हात त्यात पडला. ते उठले, कॅमेऱ्याकडे पाठ होईल असे वळले आणि त्यांनी तो हात माझ्या निळ्या चादरीला पुसला. हे शूटिंगमध्ये नाही. हे मी पाहिलं.

फोन थांबेनात. सुसंस्कृत माणूस, आईवडिलांना मानणारा माणूस. साहेब जिना उतरले आणि केबलवाला खिडकीतून पचकन थुंकून मला म्हणाला, "वहिनी, काय झाला आज! असा आजपर्यंत कोनी दाखवला नाय." हे माझ्याकडे बघून म्हणाले, "लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं गं." त्यांच्याही डोळ्यांत होतं, हे सांगायला हवं. मला त्याचीच जास्त किळस आली.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सासूबाईंना कोमट पाण्यानं पुसलं. लुगडं बदललं, अंथरूण बदललं. त्या सारखं एकच विचारत होत्या.

"तोंड दिसला काय गो माझा?"

"नाही आई. तुम्ही चादर घेतलीत ना."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी ती फीत परत लागली. तिसऱ्या दिवशी परत. लोकांची मागणी आहे म्हणे. मग साहेबांच्या माणसांनी ती मागून नेली आणि मागे सनई टाकून आणली. निवडणूक संपेपर्यंत ती रोज लागायची, वाढदिवसांच्या मधे मधे. आमच्या हॉलमधला टीव्ही खाटेच्या समोरच होता, कारण प्रक्षेपण नीट जातंय का ते बघायला तो सतत चालू ठेवावा लागे. मी शाळेत असताना सासूबाईंनी स्वतःला पाहिलं. मी घरी आले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यानंतर त्या मुलाशी बोलल्या नाहीत. तो जेवण झालं का विचारायचा, त्या उत्तर मला द्यायच्या.

"हे बंद करा," मी ह्यांना म्हटलं.

"अगं, तिचं तोंड कुठे दिसतंय? चादर आहे. उलट तिला पुण्य आहे. सगळा वॉर्ड तिच्या पाया पडल्यासारखा आहे."

ह्या वाक्यावर मी भांडले नाही. ज्याला स्वतःच्या आईचं ओलं अंथरूण पुण्य वाटतं, त्याला काय समजावायचं? मी वाट पाहिली. एका सकाळी चिंचोटीहून फोन आला की कोणीतरी वाहून गेलंय. दोघे कॅमेरा घेऊन पळाले. मी शाळेत निरोप धाडला, समोरच्या आणि खालच्या अशा दोघी शेजारणींना बोलावलं आणि आम्ही तिघींनी बेडरूम रिकामी केली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे काम सोपं गेलं. दिसेल ती वायर उपटायची आणि दिसेल तो डबा उचलायचा. गच्चीच्या दाराशी जिन्यात सगळा ढीग लावला. खालची शेजारीण म्हणाली, "बाई, संध्याकाळची मालिका जाईल ओ माझी." पण तिनं सगळ्यात जड मशीन उचललं.

मग खाट आत नेली. सासूबाईंना तिघींनी उचलून तिच्यावर ठेवलं. इतक्या वर्षांच्या वायरींमुळे दाराची चौकट एका बाजूनं कुरतडली होती आणि दार ओढलं तरी कडी लागेल इतकं बसत नव्हतं. मी विळीनं फळीचा कोपरा तासला. हात कापला, पण दार बसलं. कडी गंजली होती, तिला खोबरेल तेल घातलं.

"लाव बघू," सासूबाई आतून म्हणाल्या. मी आत गेले, दार ओढलं, कडी लावली. आम्ही दोघीच. टीव्ही नाही, माणसं नाहीत. एसीचा आवाज तेवढा.

"आता भांडा दी," त्या म्हणाल्या, आणि मी दिलं. त्यांना घाई नव्हती.

संध्याकाळी आमचे हे घरी आले तेव्हा सगळ्या मनवेलपाड्यात खरखर होती. ते ओरडले, दारावर थापा मारल्या, माझी अक्कल काढली. केबलवाला जिन्यात डोकं धरून बसला. मी किचनच्या दारात उभी राहून सांगितलं, "त्यातला एक डबा परत आत गेला तर मी तो गच्चीवरून खाली टाकीन." मी टाकला असता. त्यांना ते कळलं असावं.

आणि आता ऐका. इतकी वर्षं न मिळालेला गाळा दोन दिवसांत मिळाला. साहेबांनी दिला, स्टेशनजवळ, कोरडा, फरशी घातलेला. तो आधीपासून त्यांच्याकडे रिकामाच पडून होता. कोणी मागितलाच नव्हता. हे मला केबलवाल्यानं सांगितलं, जिना उतरता उतरता, सहज.

गाळ्याबरोबर चॅनलही साहेबांचं झालं. त्यांचा पुतण्या बघू लागला आणि हे तिथे पगारावर राहिले, एडिटिंगला. मला त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. सासूबाई त्या खोलीत पुढचा पावसाळा आणि हिवाळा राहिल्या. पेला खाटेच्या दांड्यावर वाजवला की मी जायचे. एरवी दार बंद. मी आत जाताना टकटक करायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांना कळलंच नाही की ही टकटक कशासाठी. मग कळल्यावर त्यांनी जरा थांबून, ऐटीत म्हटलं, "ये." पुढे मला त्या दरवेळी थोडं ताटकळत ठेवायच्या. पाणी भरपूर प्यायला लागल्या. थंडी संपता संपता, दुपारी, दार लावलेलं असताना त्या गेल्या.

तेरावं झाल्यानंतरच्या संध्याकाळी मी भांडी आवरत होते. समोरची शेजारीण दारात आली. "बाई, टीव्ही लावा लवकर. आजींना दाखवतायत."

मी लावला. चारी बाजूंनी गुलाबाच्या फुलांची चौकट. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हात जोडलेले साहेब. मधे माझी निळी चादर बाजूला होत होती. सनई होती. तीच फीत, पण ह्या वेळी ती हळू केलेली होती, अगदी सावकाश. सासूबाई अंगावरची चादर तोंडावर ओढत होत्या आणि ती चादर वर यायला इतका वेळ लागत होता, की तोवर त्यांचं रडणारं तोंड पडद्यावर स्पष्ट दिसत राहिलं. डोळे, नाक, उघडे पडलेले हिरड्यांतले दोन दात. एवढं तर त्या दिवशी हॉलमध्ये मलाही दिसलं नव्हतं. चादर तोंडावर पोहोचली की फीत पुन्हा पहिल्यापासून.

मी बटण शोधत बसले नाही, सॉकेटमधून वायर ओढली. शेजारणीला म्हटलं, तू जा.

थोड्या वेळानं हे आले. चपला काढता काढता म्हणाले, "बघितलंस का? मीच केलं एडिट. स्लो केल्यावर आईचा चेहरा काय छान आला बघ. आपल्याकडे तिचा एवढा जवळून दुसरा फोटोच नव्हता."

मी ओले हात पदराला पुसले, आत गेले, दार लावलं आणि कडी घातली. खाट अजून तिथेच होती, तिच्यावर पडले. मग त्यांनी दारावर टकटक केली आणि विचारलं, "अगं, जेवायला काय आहे?"